कॅथलिक घरात लग्न करून जायचंय, घटस्फोट नाही, गोळ्या नाहीत, अबॉर्शन नाही, हे नक्की काय आहे?

तू विचारलंस ते थोडक्यात असं. तू नाशिकची, हिंदू घरातली, वय २८, वसईच्या कॅथलिक मुलाशी लग्न ठरतंय. त्याच्या घरी गेलीस तेव्हा त्याच्या आत्याने सांगितलं की आमच्यात घटस्फोट नाही, गोळ्या-कॉपर टी नाही, अबॉर्शन तर अजिबात नाही, आणि बायबलमध्ये लिहिलंय की बायकोने नवऱ्याच्या अधीन राहायचं. तू घरी आलीस आणि रात्रभर झोप नाही. तुझा प्रश्न असा की हे खरंच असं आहे का, आणि असेल तर शिकल्यासवरल्या मुलीने ह्यात का पडावं.

तुला अगं-तुगं करते, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. मी ३१ वर्षं प्रसूती वॉर्डात नर्स होते, आता रिटायर झाले. आणि गेली २२ वर्षं मी आणि माझे मिस्टर आमच्या भागातल्या धर्मग्रामांत, म्हणजे पॅरिशमध्ये, लग्नपूर्व शिबिरात शिकवतो, जोडप्यांशी एकेकट्याने बोलतो, लग्नानंतर बिनसलं तरी तीच जोडपी आमच्याच ओट्यावर येऊन बसतात. आणि आधीच सांगून ठेवते, मी चर्चची शिकवण मनापासून मानते, त्यामुळे इकडचं थोडं तिकडचं थोडं असं माझ्याकडून मिळणार नाही. पण लोक ती शिकवण कुठे चुकीची सांगतात आणि कुठे सोयीने अर्धीच सांगतात तेही मला माहितीये, ते सांगते.

त्या आत्याने तुला चार गोष्टी सांगितल्या पण त्या कशामुळे आल्या ते सांगितलंच नाही. मूळ गोष्ट एकच आहे. आमच्याकडे लग्नात जो शब्द देतात ना, सुखात आणि दुःखात, आजारपणात आणि आरोग्यात, त्यात अट कुठेच नाही. हे नुसतं छान वाटावं म्हणून नाहीये, चर्चच्या कायद्यात कलम ११०२ आहे, की पुढे भविष्यात अमुक झालं तरच, अशी अट घालून कोणी लग्न केलं तर ते लग्न मुळात झालंच नाही. मूल झालं तर ठेवीन, फ्लॅट मिळाला तर नांदवीन, असं मनात पक्कं धरून कोणी उभं राहिलं तर वेदीपुढे कितीही फुलं असू देत, लग्न नाही. माणसाला अट न घालता स्वीकारायचं. आणि जे नवऱ्याबायकोला तेच पोटातल्या बाळाला, तेच अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याला. तुला ज्या चार गोष्टींची भीती वाटली त्या सगळ्या ह्या एका गोष्टीतून निघतात, ही पटली तर बाकीचं निदान समजेल, नाही पटली तर प्रत्येक नियम जाच वाटणार आणि त्यात तुझी चूक नाही.

आता घटस्फोट. प्रभू येशूचं वाक्य बायबलमध्ये मत्तयच्या १९व्या अध्यायात आहे, देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये. हे वाक्य ज्या समाजात बोललं गेलं तिथे पुरुष सूटपत्र लिहून बायकोला घराबाहेर काढू शकत होता, बाईला तो मार्ग जवळपास नव्हताच, आणि प्रश्न विचारणाऱ्यांनी विचारलं होतं की कुठल्याही कारणावरून टाकता येते का. म्हणजे हे वाक्य आधी त्या टाकल्या जाणाऱ्या बाईच्या बाजूने आहे, आमचेच लोक हे विसरतात. कॅथलिक चर्च ते अक्षरशः धरतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये, आपल्याकडे अहिल्यानगर, पुणे, सोलापूर भागात मराठी प्रोटेस्टंट भरपूर आहेत, तिथे त्याच अध्यायातल्या ९व्या ओवीतल्या व्यभिचाराच्या अपवादावरून घटस्फोट आणि पुनर्विवाहाला काही वेळा जागा देतात. ऑर्थोडॉक्स चर्च दुसऱ्या लग्नाला परवानगी देतं पण त्या विधीत पश्चात्तापाच्या प्रार्थना असतात. तेव्हा ‘ख्रिश्चनांत घटस्फोट नाही’ हे सरसकट खरं नाही, कॅथलिकांच्या बाबतीत खरं आहे.

पण घटस्फोट नाही म्हणजे मार खात राहायचं, हे कुठेही लिहिलेलं नाही. चर्चच्या कायद्यातलं कलम ११५३ वाच, ज्या जोडीदारामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या जिवाला नाहीतर आत्म्याला गंभीर धोका आहे त्याच्यापासून वेगळं व्हायला ते कारण पुरेसं आहे, आणि थांबणं धोक्याचं असेल तर आधी निघून जा, परवानगी नंतर. चर्चच्या श्रद्धाग्रंथात, म्हणजे शिकवणीच्या अधिकृत पुस्तकात, हेही आहे की मुलांचा ताबा, मिळकत, कायदेशीर हक्क ह्यांसाठी दुसरा मार्गच नसेल तर सरकारी कोर्टातला घटस्फोट घेणं हे पाप नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ मध्ये कुटुंबावरचं मोठं पत्र लिहिलं त्यात तर काही वेळा वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरतं असं स्पष्ट लिहिलंय. जे मिळत नाही ते म्हणजे पहिला जोडीदार जिवंत असताना चर्चमध्ये दुसरं लग्न.

हे मला सुरुवातीला नीट माहीत नव्हतं आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजली. शिबिरात शिकवायला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, एक मुलगी आली, नवरा दारू पिऊन हात उचलतो म्हणाली, आणि मी तिला रोझरी म्हणायला सांगितली आणि थोडं सांभाळून घे म्हणाले. अडीच महिन्यांनी ती मला आमच्याच हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत दिसली, मनगट मोडलेलं. ती काहीच बोलली नाही, फक्त बघितलं माझ्याकडे. त्यानंतर मी कोणालाही सांभाळून घे म्हणालेली नाही, आधी विचारते घरात सुरक्षित आहेस का, आजची रात्र कुठे काढणार आहेस. तुझ्या सासरच्या कोणी कधी ‘आमच्यात घटस्फोट नाही’ हे वाक्य मार झाकायला वापरलं तर समज की त्यांना चर्चची शिकवण माहीत नाही, आणि तडक बाहेर पड.

शून्यता, म्हणजे लग्न मुळात झालंच नव्हतं असा चर्चचा निकाल, हा वेगळा विषय, लोक त्याला कॅथलिक घटस्फोट म्हणतात ते चूक आहे. चर्चचं न्यायालय असं बघतं की लग्नाच्या दिवशीच काहीतरी मुळात नव्हतं का, जबरदस्ती होती, मोठी फसवणूक होती, मूल नकोच असं मनात पक्कं होतं, किंवा लग्न म्हणजे काय हे पेलण्याची मानसिक कुवतच नव्हती. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी ही पद्धत सोपी केली, पूर्वी दोन न्यायालयांचा एकसारखा निकाल लागायचा, आता एक पुरतो. पण लक्षात ठेव, चर्चची शून्यता सरकार मानत नाही, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्येच ते सांगितलं आणि २०१७ मध्ये पुन्हा. चर्चमधून कागद मिळाला म्हणून दुसरं लग्न केलं आणि कोर्टात पहिलं चालूच आहे, अशी केस मी बघितलीये, भयंकर त्रास झाला त्या घराला. दोन्हीकडचं करावं लागतं. आणि ख्रिस्ती लोकांचा सरकारी घटस्फोटाचा कायदा १८६९ चा आहे, त्यात २००१ पर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढंच कारण पुरायचं आणि बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता किंवा सोडून जाणं असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागायचं. २००१ च्या दुरुस्तीने दोघांना कारणं सारखी झाली आणि परस्पर संमतीचं कलम आलं. ख्रिस्ती बायकांनीच ती मागणी वर्षानुवर्षं लावून धरली होती, हे तुला सांगावंसं वाटलं कारण तू आम्हाला गप्प बसणाऱ्या समजू नयेस. (गोव्यात कायदा निराळा, तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आहे, तुला ते लागू नाही.)

अधीन राहण्याचं वाक्य बायबलमधल्या, इफिसकरांना लिहिलेल्या पत्रातलं, ५वा अध्याय. आत्याने २२वी ओवी सांगितली. तिच्या वरची २१वी म्हणते एकमेकांच्या अधीन असा, आणि खालची २५वी नवऱ्यांना सांगते की ख्रिस्ताने मंडळीवर, म्हणजे चर्चवर, जशी प्रीती केली आणि तिच्यासाठी स्वतःला दिलं तशी बायकोवर करा. म्हणजे क्रूसावर जाईपर्यंत. शिबिरात मी मुलांना उभं करून २५वी मोठ्याने वाचायला लावते, पहिल्यांदाच वाचतोय म्हणणारे दरवेळी निघतात. आमच्याकडे काही घरांत अजूनही नवरा जेवल्याशिवाय बायको ताटावर बसत नाही, ते बायबलमधून आलेलं नाही, ते आपल्या सगळ्यांच्या गावातूनच आलंय.

लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री, ह्यावर चर्च ठाम आहे आणि मीही. समलिंगी माणसांचा अपमान किंवा अन्यायाने भेदभाव करू नये हे त्याच श्रद्धाग्रंथात आहे आणि घराघरांत ते पाळलं जात नाही ह्याचं मला दुःख आहे. तू ते विचारलं नाहीस म्हणून एवढंच.

आता गोळ्या आणि कॉपर टी, इथे मी जरा लांब बोलणार कारण हे माझं कामच होतं. १९३० पर्यंत जवळपास सगळी चर्चेस ह्या बाबतीत एकाच बाजूला होती, त्या वर्षी अँग्लिकन बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने काही परिस्थितीत कृत्रिम साधनांना परवानगी दिली आणि हळूहळू बहुतेक प्रोटेस्टंट त्या बाजूला गेले. कॅथलिक चर्च गेलं नाही, आणि पोप सहावे पॉल ह्यांनी जुलै १९६८ मध्ये ‘हुमाने विते’ नावाच्या पत्रात ते पक्कं केलं. पण त्या पत्रात किती मुलं व्हायला हवीत असा आकडा नाही. उलट जबाबदार पालकत्व असा शब्द आहे, तब्येत, पैसा, आधीची मुलं, सगळं बघून नवराबायकोनेच ठरवायचं, पाळणा लांबवायचा असेल तर लांबवायचा. फक्त कसा, तर शरीराच्या सुपीक दिवसांत संबंध टाळून.

तू म्हणशील ते कॅलेंडर बघून दिवस मोजायचं, ते तर फेल जातं. बरोबर, ते जातंच, मी ते शिकवत नाही. आम्ही शिकवतो ती बिलिंग्ज पद्धत, ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज ह्या डॉक्टर नवराबायकोंची, त्यात रोजच्या स्रावावर लक्ष ठेवायचं, ओलसर, ताणला जाणारा, घसरता असा झाला की सुपीक दिवस सुरू. काहीजणी सोबत सकाळचं तापमानही घेतात, बीज सुटल्यावर ते थोडंसं, साधारण ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअस वर जातं. बीज १२ ते २४ तास जगतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत, म्हणून महिन्यातले साधारण सहा दिवस महत्त्वाचे. तीन महिने चार्ट भरून शिकवणारीला दाखवायचा, मग स्वतःवर भरवसा ठेवायचा. मदर तेरेसांनी १९७९ च्या नोबेल भाषणात सांगितलं होतं की कोलकात्याच्या झोपड्यांतल्या बायकांना त्यांच्या सिस्टर्स हेच शिकवतात, त्यामुळे हे फक्त शिकलेल्यांचं काम नाही. नवरा साथ देत नसेल तर मात्र ही पद्धत शंभर टक्के फसते, आणि बाळंतपणानंतर, पाळी जायच्या वयात, किंवा पीसीओडी असेल तर अवघड जाते, त्या काळात शिकवणारीच्या संपर्कात राहावं लागतं.

मी चार्ट नवऱ्याकडून भरून घेते. बायको सांगणार, तो लिहिणार. एका जेसीबी चालवणाऱ्या मुलाने मला सांगितलं होतं की सिस्टर, सात वर्षं लग्नाला झाली, बायकोच्या अंगात महिनाभर काय चालतं हे मला आत्ता कळलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्या देशात पाळणा थांबवायचं सगळं ओझं कोणावर आहे बघ, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत नसबंदी केलेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के. ऑपरेशन तिचं, गोळीची मळमळ तिची, कॉपर टीचं ब्लीडिंग तिचं, मी वॉर्डात हे ३१ वर्षं बघितलंय. चर्चचा मार्ग असा आहे की त्यात पुरुषाला स्वतःला आवरावं लागतं. अवघड आहे पण अन्याय्य मला तरी वाटत नाही.

आणि खरं ते सांगते, वसईत बहुतेक कॅथलिक घरांत दोनच मुलं आहेत आणि ती सगळी चार्ट भरून झालेली नाहीत. बरेच जण ही शिकवण पाळत नाहीत, फादरना माहीत असतं, कुमसारात, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करताना, काय बोलतात तो त्यांचा आणि देवाचा प्रश्न. तुझ्या बेडरूमच्या दारात कोणी उभं राहणार नाही. पण तू आणि तुझा नवरा ह्यावर लग्नाआधी बोला, तो ही शिकवण खरंच मानतो का हे त्याच्या तोंडून ऐक, आत्याच्या नको.

ज्यांना मूल होत नाही त्यांच्यासाठी हीच शिकवण सगळ्यात जड जाते. चर्च आयव्हीएफला नाही म्हणतं, कारण त्यात जास्तीचे भ्रूण तयार होतात, गोठवले जातात, टाकले जातात, आणि चर्चच्या मते ती पण माणसंच. माझ्या सख्ख्या भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. तिच्या जागी मी असते तर काय केलं असतं असं मी स्वतःला विचारते. पुढे त्यांनी दत्तक घेतलं. हेही सोपं नव्हतं पूर्वी, ख्रिस्ती जोडप्याला १८९० च्या पालकत्व कायद्याखाली फक्त पालक होता यायचं, कायद्याने आईबाप नाही, बाल न्याय कायद्याने २००० नंतर ते दार उघडलं. आज ती पोरगी चौथीत आहे.

आणि आता अबॉर्शन. चर्चचं म्हणणं साधं आहे, गर्भधारणेपासून तो एक माणूस आहे, लहान आहे एवढंच. ही आत्ताची कट्टरता नाही, अगदी पहिल्या काही पिढ्यांतल्या ‘दिदाखे’ नावाच्या ख्रिस्ती पुस्तिकेत, जेव्हा रोमन साम्राज्यात नको असलेली तान्ही मुलं उघड्यावर टाकून द्यायची पद्धत होती, गर्भ पाडू नका आणि जन्मलेल्याला मारू नका हे शेजारीशेजारी लिहिलंय. आपला सरकारी कायदा १९७१ चा, २०२१ मध्ये काही प्रकारच्या बायकांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली आणि बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीने त्याच्याही पुढे. कायदा तुला परवानगी देतो, चर्च देत नाही, ह्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण आईचा जीव जात असेल तरी हात बांधून बसायचं, असं जे पसरवलंय ते मात्र नर्स म्हणून मला सहन होत नाही. गर्भ नळीत राहिला तर ती नळी काढायला चर्च आडवं येत नाही. गरोदर बाईला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला तर तिचं ऑपरेशन करता येतं, बाळ वाचणार नाही हे माहीत असलं तरी, कारण उद्देश आईला वाचवण्याचा आहे, बाळाला मारण्याचा नाही. इटलीतल्या जान्ना बेरेत्ता मोल्ला, स्वतः मुलांच्या डॉक्टर, चौथ्या बाळाच्या वेळी गर्भाशयात गाठ निघाली, त्यांनी फक्त गाठ काढून घेतली, बाळ ठेवलं, एप्रिल १९६२ मध्ये मुलगी झाली आणि आठवडाभरात त्या गेल्या. २००४ मध्ये त्यांना संत केलं तेव्हा नवरा आणि ती मुलगी, तीही डॉक्टर झालेली, तिथे हजर होते. चर्च त्यांना मान देतं, पण प्रत्येक बाईने असंच करावं हा नियम कधीच नव्हता.

माझं स्वतःचं सांगते. १९९६ मध्ये माझं दुसरं बाळ पोटात होतं, पाचव्या महिन्यात सोनोग्राफीत निघालं की कवटीचा वरचा भाग तयारच झालेला नाही. ज्या डॉक्टरने बघितलं त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं की उद्या या, मोकळ्या व्हा, उगाच चार महिने ओझं कशाला. ते ओझं हा शब्द अजून कानात आहे. आम्ही दोघं घरी आलो, मिस्टरांनी केळीच्या बागेत पाणी सोडायचं होतं ते सोडून दिलं, आणि रात्री आम्ही ठरवलं की तो जितका आहे तितका आपला. चार महिने पोटात लाथा मारत होता, मला माहीत होतं आणि तरी मी त्याच्याशी बोलायचे. जन्मल्यावर दोन तास दहा मिनिटं होता. जिवाला धोका असेल तर बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो, माझ्या मिस्टरांनी स्टीलच्या पेल्यातलं पाणी बोटांनी त्याच्या गालावर सोडलं कारण डोक्यावर टोपी होती. नाव ठेवलं. गावच्या सेमेटरीत त्याची जागा आहे, ऑल सोल्सला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आम्ही मेणबत्ती लावतो, मोठी मुलगी आणि नंतर झालेली धाकटी, दोघी त्याला भाऊ म्हणतात. तुला वाटेल ह्यात काय मिळालं. मला दोन तास दहा मिनिटं मिळाली आणि मला ती कधी जास्त वाटली नाहीत.

हे मी कोणाला लाज वाटावी म्हणून सांगत नाही. वॉर्डात मी अशा कितीतरी बायका बघितल्या ज्यांना कोणी विचारलंच नाही, सासू आणि नवऱ्याने आणून सोडलं, तिसरी पण मुलगीच म्हणून. २०१७ मध्ये सांगलीजवळ म्हैसाळला १९ भ्रूण सापडले ते आठवतं का, बाईची निवड म्हणतात ना, त्यात कुठली निवड होती? ज्या बाईने अबॉर्शन केलंय तिला चर्चमध्ये जागा नाही असंही कोणी सांगितलं तर ते खोटं आहे, २०१६ पासून कुठल्याही साध्या धर्मगुरूकडे कुमसार करून क्षमा मिळते, बिशपपर्यंत जायचीही गरज नाही. मी स्वतः दोघींना हाताला धरून नेलंय.

आणि आमच्या लोकांना मी एक गोष्ट दर शिबिरात ऐकवते, ती ख्रिस्ती माणसाची नाही, जोतीराव फुल्यांची आहे. १८६३ मध्ये पुण्यात त्यांनी आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसलेल्या विधवांनी येऊन गुपचूप बाळंत व्हा, मूल न्या किंवा ठेवून जा, आणि अशाच एका काशीबाईंचं मूल त्यांनी स्वतः दत्तक घेतलं, यशवंत. मारू नका म्हणायचं तर घराचं दार असं उघडावं लागतं. आमच्या एका धर्मग्रामात कॉलेजातली मुलगी कुमारी असताना गरोदर राहिली, तिने बाळ ठेवलं, आणि जे लोक प्रो-लाइफचे बॅनर घेऊन फिरले होते त्यांच्यातल्याच काहींनी तिच्या आईशी बोलणं टाकलं. मला त्याचा अजून संताप येतो. विन्सेंट डी पॉल ह्या चर्चच्या मदत संस्थेतल्या दोघी-तिघींनी मिळून तिचं बाळंतपण काढलं, दूध, डायपर, पुढे शाळेची फी. त्या दोघी-तिघींनी केलं ती शिकवण, बॅनर नव्हे.

शेवट जवळ आलेल्या माणसाबद्दलही तेच. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या नर्स अरुणा शानबाग, १९७३ मध्ये हल्ला झाला तेव्हापासून २०१५ मध्ये जाईपर्यंत, जवळपास ४२ वर्षं तिथल्या नर्सेसनी सांभाळलं, पिढ्या बदलल्या, ज्यांनी तिला कधी चालताबोलताना पाहिलंच नव्हतं त्याही सांभाळत राहिल्या. २०११ मध्ये दयामरणाचा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा ह्याच नर्सेस विरोधात उभ्या राहिल्या. त्या सगळ्या काही ख्रिस्ती नव्हत्या, आणि चर्च जे म्हणतं तेच त्या करत होत्या. मात्र व्हेंटिलेटरवर काही उपयोग नसताना महिनोन्महिने ठेवायलाच पाहिजे असं चर्च म्हणत नाही, पोप बारावे पायस ह्यांनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं की असाधारण उपचार बंधनकारक नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या वेळी आम्ही घरी आणलं, पाणी, पेज, दुखण्याचं औषध, आणि फादर येऊन गेले. फाशीलाही चर्चने २०१८ मध्ये पूर्ण नाही म्हटलं, आमच्यातल्या काही जुन्या लोकांना ते पटलं नाही, मला पटलं.

आता तुझं व्यवहाराचं. तुला धर्म बदलावा लागणार नाही. तुझा धर्म वेगळा असल्याने बिशपांची परवानगी लागते, डिस्पेन्सेशन म्हणतात, ते फादर अर्ज करून आणतात, त्याशिवाय चर्चमधलं लग्न वैध नाही. वचन तुझ्याकडून घेत नाहीत, त्याच्याकडून घेतात, की तो स्वतःचा विश्वास सोडणार नाही आणि मुलांना कॅथलिक म्हणून वाढवण्यासाठी त्याच्याकडून होईल तेवढं करेल, आणि त्याने हे वचन दिलंय हे तुला कळवलेलं असणं बंधनकारक आहे. माझ्या अनुभवात मिश्र लग्नं अबॉर्शन-घटस्फोटावर मोडत नाहीत, ती ह्या वचनावर अडकतात, पहिल्या मुलाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, कारण लग्नाच्या गडबडीत सही झाली आणि मुलीला कोणी नीट सांगितलंच नाही. तुझ्या आईबाबांनाही हे आत्ताच सांग, बारशाला नको.

कायद्याने तुम्ही १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली चर्चमध्ये लग्न करू शकता, दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी चालतं. किंवा १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली रजिस्टर, त्याला ३० दिवसांची नोटीस लागते. काही जोडपी रजिस्टर आधी करतात आणि मग चर्च. कुठला कायदा निवडता त्यावर पुढे वारसा, वेगळं होणं हे सगळं अवलंबून असतं म्हणून अर्धा तास एखाद्या वकिलाला भेटा.

फादर तुम्हा दोघांना वेगवेगळं बसवून विचारतील, कोणाच्या दबावाखाली नाही ना, आयुष्यभरासाठी म्हणतेस ना, मुलांना नाही म्हणणार नाहीस ना. तो औपचारिकपणा समजू नकोस. अशाच एका मुलाखतीत एक मुलगी रडायला लागली, घरच्यांनी ठरवलंय म्हणाली, नऊ दिवसांवर लग्न, हॉल बुक, पत्रिका वाटलेल्या, आणि फादरनी लग्न थांबवलं. गावाने त्यांना खूप बोल लावले. तुझ्या मनात काही असेल तर ती खोली त्यासाठीच आहे, खरं बोल.

आणि शिबिराला या दोघं, वेगळ्या धर्माची म्हणून मागे बसू नकोस. येताना जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र आण, त्याला त्याच्या धर्मग्रामातून बाप्तिस्म्याचा नवा दाखला काढायला सांग, जुना लॅमिनेट केलेला चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला लागतो. त्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासोबत बस आणि विचार, आपल्या बाळात काही दोष निघाला तर तू काय करशील, मी अंथरुणाला खिळले तर माझं कोण करेल. तो काय म्हणतो ते ऐक, आणि मग तुझंही त्याला सांग.